टू-स्ट्रोक इंजिन आणि धुरातली कमाई



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना व्याख्यानाची जागा चुकली की काय असे वाटले असेल. वाळूच्या डोंगरावर चढविण्याच्या क्वाड बाईका, त्यांची टू-स्ट्रोक इंजिने आणि त्यांना बसविलेले टर्बोचार्जर, हा विषय वसंतातल्या संध्याकाळी ऐकण्यासारखा आहे असे प्रथमदर्शनी कोणी म्हणणार नाही. परंतु या विषयाच्या पोटात एक हिशेबाचा प्रश्न आहे, आणि हिशेब म्हटला की आपण सारे कान टवकारतो. प्रश्न असा : इंजिनातून जो धूर बाहेर जातो त्याच्याबरोबर पुष्कळशी शक्ती वाया जाते, ती पकडून पुन्हा इंजिनाच्या कामाला लावता आली तर ती मिळकत फुकटची म्हणावयाची काय? टर्बो विकणारे 'होय' म्हणतात. टू-स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत हे उत्तर खरे नाही असे माझे मत आहे, आणि ते का खरे नाही हे समजून न घेतल्याने पिस्टन तर वितळतातच, पण त्या पिस्टनावर विसंबून बसलेला माणूसही धोक्यात येतो.

क्वाड बाईक म्हणजे काय ते आधी सांगतो. चार फुगीर टायरांची, घोड्यावर बसावे तसे दोन्हीकडे पाय टाकून बसायची आणि हँडलने वळवायची गाडी. आपल्याकडे ती फार तर समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना फिरवताना दिसते. अमेरिकेत मात्र तिचा एक वेगळाच पंथ आहे. कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून, इम्पीरियल सँड ड्यून्स नावाच्या वाळूच्या टेकड्या आहेत. लांबी ६० किलोमीटरांहून अधिक, आणि काही टेकड्या ९० मीटरपर्यंत उंच. ग्लॅमिस या ठिकाणाजवळच्या अशा एका चढावर शर्यती लागतात. मागच्या चाकांना वल्ह्यासारख्या पट्ट्या असलेले टायर घालतात, आणि वाळू उपसत गाडी वर जाते. या चढावर जिचे नाव आदराने घेतले जाते ती गाडी म्हणजे यामाहाची बॅन्शी. अमेरिकेत ती १९८७ पासून २००६ पर्यंत विकली गेली. दोन सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे, ३४७ घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन, आणि कारखान्यातून निघताना सुमारे ३५ अश्वशक्ती.

आता आपल्यातल्या पन्नाशी उलटलेल्या मंडळींच्या डोळ्यांत चमक आलेली दिसते, ती मी ओळखतो. ३४७ हा आकडा त्यांना पाठ आहे! १९८३ पासून काही वर्षे एस्कॉर्ट्स कंपनीने आपल्याकडे जी राजदूत ३५० काढली ती याच घराण्यातली. सिलिंडरचा व्यास ६४ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ५४ मिलिमीटर, ही मापे दोघींची अगदी सारखी. राजदूत हवेने थंड होणारी आणि बॅन्शी पाण्याने, हा फरक आहेच; पण मावशी-भाचीइतके नाते नक्की आहे.

टू-स्ट्रोक इंजिनाचे मर्म त्याच्या दारांत आहे. चार धावांच्या इंजिनात येणारी हवा आणि जाणारा धूर यांना वेगवेगळ्या वेळा नेमून दिलेल्या असतात, आणि दारांवर झडपांचा पहारा असतो. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट व्हावयाचा, म्हणून येणे आणि जाणे एकाच वेळी उरकावे लागते. झडपा नाहीतच, सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या पाडलेल्या असतात आणि पिस्टनच खाली-वर होताना त्या उघडतो व झाकतो. जत्रेच्या दिवशी गाभाऱ्याची दोन्ही दारे उघडी ठेवतात. मागून येणाऱ्यांच्या रेट्याने आधीचे बाहेर पडतात. त्यातले काही जण दर्शन न घेताच एका दारातून शिरून दुसऱ्यातून बाहेर जातात. टू-स्ट्रोकमध्ये अगदी असेच होते. ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर निघून जातो. आपल्या जुन्या स्कूटरींच्या मागे जो निळसर धूर आणि पेट्रोलचा वास दरवळे त्याचे कारण हे, आणि २००० सालच्या धूरमर्यादेनंतर ती इंजिने रस्त्यावरून हटू लागली त्याचेही मुख्य कारण हेच.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. धुराची खिडकी ताज्या मिश्रणाच्या खिडक्यांपेक्षा उंचावर असते. पिस्टन खाली जाताना ती आधी उघडते, हे सोयीचेच आहे. पण पिस्टन वर येताना क्रम उलटतो : आत येण्याच्या खिडक्या आधी बंद होतात आणि बाहेर जाण्याची सर्वांत शेवटी. म्हणजे घरात माल भरून पुढचे दार लावले तरी मागचे दार काही क्षण उघडेच! मिनिटाला ९,००० फेरे करणाऱ्या इंजिनात हा अवधी सेकंदाच्या अर्ध्या सहस्रांशापेक्षा थोडा अधिक असतो; पण निसटू पाहणाऱ्या वायूला तेवढा वेळ पुष्कळ होतो.

या उघड्या दारावर जो तोडगा निघाला त्याची कथा मोठी रंजक आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जर्मनीच्या डीकेडब्ल्यू कारखान्याने आपल्या शर्यतीच्या टू-स्ट्रोक इंजिनांना हवा कोंबणारा एक जादा पिस्टन-पंप जोडला होता. १९३८ साली एवाल्ड क्लूगे याने तसल्या गाडीवर 'आयल ऑफ मॅन'ची २५० घनसेंटिमीटरची शर्यत जिंकली. ते इंजिन पेट्रोल मात्र विहिरीवरच्या मोटेसारखे ओते. पुढे १९४६ मध्ये मोटारसायकल शर्यतींत असे हवा कोंबणारे पंप वापरण्यास आंतरराष्ट्रीय संघटनेने बंदी घातली. झाले, टू-स्ट्रोकचे दिवस संपले असे वाटले. परंतु पूर्व जर्मनीत चोपाऊ या गावी एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन नावाचा अभियंता होता. त्याने धुराची नळी हाच पंप करून टाकला, आणि हलणारा एकही भाग नसलेल्या पंपावर बंदी कोण घालणार?

ही नळी आपण सर्वांनी पाहिली आहे. आपल्याकडची गॅरेजवाली मंडळी तिला चेंबर म्हणतात. सुरुवातीला अरुंद, मग हळूहळू रुंदावत जाणारी, मध्ये अजगराने बकरी गिळल्यासारखी फुगलेली, पुन्हा निमुळती होत शेवटी बोटभर रुंदीच्या शेपटीत संपणारी. धुराची खिडकी उघडताच दाबाची एक लाट या नळीत धावते. रुंदावणाऱ्या भागातून तिचा जो पडसाद मागे येतो तो ओढीचा असतो. तो सिलिंडरातला उरलासुरला धूर आणि थोडे ताजे मिश्रणही नळीत ओढून घेतो. मूळ लाट पुढे जाऊन निमुळत्या भागावर आदळते आणि तेथून रेट्याचा पडसाद परत येतो. तो त्या उघड्या राहिलेल्या दारापाशी नेमक्या क्षणी पोचला तर निसटलेल्या ताज्या मिश्रणाला पुन्हा आत ढकलतो. दर्शन न घेता बाहेर पडलेल्यांना मागच्या दारातून परत गाभाऱ्यात लोटावे, आणि तेवढ्यात दार लावून घ्यावे, तसे. तापलेल्या धुरात ध्वनी सेकंदाला ५०० मीटर किंवा त्याहून थोडा अधिक धावतो. खिडकी उघडी असते सुमारे चार सहस्रांश सेकंद. तेवढ्यात लाटेने जाऊन यावे म्हणून नळीची लांबी मीटरच्या आसपास ठेवावी लागते. बॅन्शीचे फुगीर पाइप सीटखाली वाकवून बसविलेले असतात ते याच मापामुळे.

काडेनचे १२५ घनसेंटिमीटरचे इंजिन १९६१ पर्यंत २५ अश्वशक्ती देऊ लागले, म्हणजे लिटरमागे २००. झडपांच्या, पंप नसलेल्या कोणत्याही इंजिनाने तोवर हे साधले नव्हते. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीहून परतलाच नाही. पश्चिमेकडे पळाला आणि हे ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला. पुढच्या वर्षी तो सुझुकीवर ५० घनसेंटिमीटर वर्गाचा जगज्जेता झाला. जपानच्या पुढच्या साऱ्या वेगवान टू-स्ट्रोक गाड्या, आपली राजदूत आणि बॅन्शी धरून, या नळीच्या ऋणात आहेत. काडेन मात्र चोपाऊलाच राहिला.

एवढा पाल्हाळ मी लावला तो एका गोष्टीसाठी. टू-स्ट्रोकचा धूर रिकामा नसतो. तो आधीच नोकरीला लागलेला आहे. मागच्या दाराची राखण तोच करतो.

आता टर्बोचार्जर पाहू. स्वित्झर्लंडचा आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. एक धुराने फिरतो आणि दुसरा त्याच्याबरोबर फिरून ताजी हवा दाबून इंजिनात भरतो. छोट्या टर्बोचे पंखे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. चार धावांच्या इंजिनात याचे काम सरळ आहे. धुराची झडप मिटली की आत कोंबलेली हवा पिंजऱ्यात सापडते. टू-स्ट्रोकमध्ये कोंबलेली हवा म्हणजे तोंड न आवळलेल्या पखालीत ओतलेले पाणी! मागचे दार शेवटी बंद होते, तेव्हा जेवढा जोर पुढून लावाल तेवढी गळती मागून वाढेल.

मग टू-स्ट्रोकला टर्बो लागतच नाही काय? लागतो, आणि उत्तम लागतो. डॉर्टे मेर्स्क नावाचे तेलवाहू जहाज १९५२ साली टर्बो लावलेल्या मोठ्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनावर चालू लागले, आणि आज जगातली बहुतेक प्रचंड मालवाहू जहाजे तशाच इंजिनांवर चालतात. इतके लांब जावयासही नको. १९६२ मध्ये अमेरिकेहून आपल्या रेल्वेसाठी आलेली डब्ल्यूडीएम-४ ही इंजिने टर्बो लावलेली टू-स्ट्रोकच होती, २६०० अश्वशक्तीची. १९९९ पासून आलेली डब्ल्यूडीजी-४ ही त्याच वंशातली, ४००० अश्वशक्तीची. हुबळीच्या शेडमधील ही इंजिने मालगाड्या ओढताना मिरजेकडच्या मंडळींनी पाहिली असतील.

मात्र ही थोरली भावंडे एका बाबतीत भाग्यवान आहेत. त्यांच्या धुराला खिडकी नसून सिलिंडरच्या डोक्यावर स्वतंत्र झडपा आहेत. त्या वेळेवर मिटवता येतात. शिवाय त्यांच्यात आत येते ती नुसती हवा. डिझेल नंतर, दारे लागल्यावर, फवारले जाते. थोडी हवा मागून निसटली तर कोणाचे काय गेले? पेट्रोलच्या छोट्या इंजिनात निसटते ते पेट्रोलमिश्रित धन. आणखी एक गंमत सांगतो. टर्बो मंद असताना इंजिनाला हवा कोण पुरवणार, म्हणून या रेल्वे इंजिनांत टर्बो आधी दातेरी चाकांनी फिरवतात आणि धुराला पुरेसा जोर आला की ती जोडणी आपोआप सुटते. बॅन्शीला हा खटाटोप करावा लागत नाही. तिच्या पिस्टनची खालची बाजूच क्रँककेसमध्ये पंपाचे काम करते. टर्बो झोपलेला असला तरी गाडी चालू होते.

तर मग बॅन्शीच्या मालकाने टर्बो कोठे बसवावा? पहिली सुचणारी जागा म्हणजे सिलिंडरला लागून, जेथे धूर सर्वांत तप्त असतो. तेथे बसविला की पंख्यावर आपटून लाट मोडते आणि काडेनची राखणदारी संपते. एका चाकराला काढून दुसरा ठेवल्यासारखे होते, आणि जुना चाकर बिनपगारी होता! जाणते लोक म्हणून फुगीर नळी तशीच ठेवतात आणि तिची शेपटी काढून तिच्या जागी टर्बो लावतात. लाटा नळीत पूर्वीप्रमाणे जा-ये करतात. त्या झाल्यावर उरलेला धूर पंखा फिरवतो. पंखा धुराच्या वाटेत अडसर होतो, त्याने नळीतला सरासरी दाब वाढतो. एरवी हा दोष म्हटला असता. पण येथे तोच पखालीचे तोंड आवळतो. पुढून दीड वातावरणाचा दाब आणि मागेही जवळपास दीड, असे झाले की साऱ्या इंजिनाला वाटते आपण एखाद्या दाट हवेच्या ग्रहावर आलो आहोत. लाटांचे गणित तेच, पण प्रत्येक घोटात हवा दीडपट.

हा समतोल मोठा नाजूक असतो. पंखा फार लहान घेतला तर तो चटकन जागा होतो पण मागचा दाब पुढच्यापेक्षा फार वाढतो, धूर सिलिंडरातच तुंबतो. पंखा फार मोठा घेतला तर मागे अडसर राहत नाही. गाडी अर्धा चढ चढेपर्यंत काही घडत नाही आणि मग एकाएकी सारे घडते. त्यात टू-स्ट्रोकचा धूर निसटलेल्या ताज्या मिश्रणामुळे मुळातच थंड, म्हणजे पंख्याला मिळणारे धन कमी. नळी अधिक तापली तर ध्वनीचा वेग वाढतो, लाट लवकर परतते आणि इंजिनाचा सर्वोत्तम वेग आपली जागा सोडतो. म्हणजे टर्बो लावला की नळी पुन्हा मापावी लागते. हे कष्ट टाळून जो बाजारातला संच उघडून जसाच्या तसा चढवतो त्याला माझा नमस्कार.

याखेरीज कितीतरी घरगुती अडचणी आहेत. टर्बोच्या दांड्याला सतत तेल हवे. चार धावांच्या इंजिनात तेलाचा पंप असतो, त्यातून एक नळी काढली की भागते. बॅन्शीच्या इंजिनात दाबाचे तेलच नाही. पेट्रोलबरोबर येईल तेवढेच वंगण. तेव्हा टर्बोसाठी वेगळी टाकी आणि वेगळा पंप हवा. कार्बोरेटरमध्ये दाबाची हवा शिरली की त्याच्या भांड्यातल्या पेट्रोलवरही तोच दाब द्यावा लागतो आणि पेट्रोलचा पंप त्याहून जोराचा लागतो. हे चुकले तर नेमकी भूक वाढते त्याच क्षणी पेट्रोल आटते. दाबलेली हवा तापते ती निराळीच : २७ अंशांची हवा अर्धा वातावरण अधिक दाबली की छोट्या टर्बोतून ती ८० अंशांच्या पुढे तापून बाहेर पडते. अशी तप्त हवा आणि कमी पेट्रोल एकत्र आले की ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपण होऊन भडकते. चार धावांच्या पिस्टनला एका स्फोटानंतर एक फेरा विसावा मिळतो, टू-स्ट्रोकच्या पिस्टनला तोही नाही. त्याच्या माथ्याला भोक पडावयास काही सेकंद पुरतात.

म्हणून सिलिंडरचे डोके बदलून दाबाचे प्रमाण उतरवणे, उच्च प्रतीचे इंधन किंवा अल्कोहोल वापरणे, हवा थंड करणारी जाळी बसवणे हे सारे ओघानेच आले. इतका खर्च धुरातल्या 'फुकट' शक्तीसाठी! मला विचाराल तर समुद्रसपाटीलगतच्या ग्लॅमिसला हवेची मुळी वाणच नाही. तेथे टर्बो लावणे म्हणजे भरल्या ताटावर आणखी वाढून घेणे आहे. लावणाऱ्याला हौस आहे, आणि हौसेला मोल नसते हे मलाही कळते. फक्त तिला काटकसर म्हणू नये.

जेथे ताट खरोखर अर्धे आहे ती जागा निराळी. पर्वतावर तीन हजार मीटर उंचीला हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे सत्तर टक्केच उरतो, आणि इंजिनाची शक्तीही त्याच मानाने घटते. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाईल गाड्या तेथे धापा टाकतात. कॅनडाच्या स्की-डू गाड्यांच्या कारखान्याने २०२० साली ८५० वर्गाचे टू-स्ट्रोक इंजिन कारखान्यातूनच टर्बो लावून आणले, आणि त्याची १६५ अश्वशक्ती ८,००० फूट उंचीपर्यंत टिकते असे जाहीर केले. त्यांनी अधिक शक्ती मागितली नाही, गमावलेली परत मागितली. आणि मुख्य म्हणजे त्या इंजिनात पेट्रोल सरळ सिलिंडरात फवारले जाते. जहाजाच्या इंजिनाचा धडा येथे छोट्या इंजिनाने गिरवला. बॅन्शीच्या काळी हे तंत्र या गाड्यांना मिळाले नव्हते, आणि घरच्या गॅरेजात ते बसविणे सोपे नाही.

आता माणसाविषयी. क्वाडला चार चाके आहेत म्हणून ती स्थिर, हा समज घातक आहे. खेळाच्या क्वाडची मागची दोन चाके एकाच अखंड दांड्यावर असतात. इंजिनाचा पिस्टन धावता धावता सिलिंडरला चिकटला तर दोन्ही चाके एकदम आवळली जातात. हे संकट पूर्ण जोरात असतानाच येते असेही नाही. टेकडीचा माथा आला की चालक मूठ सोडतो. पेट्रोल बंद होते आणि पेट्रोलबरोबर येणारे वंगणही, पण इंजिन अजून हजारो फेऱ्यांनी फिरतच असते. माथ्यापलीकडे काय आहे ते वर पोचेपर्यंत दिसत नाही. ज्या टर्बोचा जोर उशिरा आणि एकाएकी येतो तो अशा ठिकाणी मनुष्याच्या मनगटापेक्षा भारी ठरतो.

अमेरिकेत तीन चाकांच्या अशा गाड्यांनी इतके बळी घेतले की १९८८ साली कारखानदारांना सरकारशी न्यायालयामार्फत तडजोड करावी लागली. नव्या तीनचाकींची विक्री थांबली, चालकांच्या शिक्षणाची सोय करणे आले, आणि ९० घनसेंटिमीटरहून मोठी गाडी सोळा वर्षांखालील मुलांसाठी नाही असे सांगणे भाग पडले. हे निर्बंध कारखान्यातून निघालेल्या गाडीचा विचार करून घातलेले होते. ३५ अश्वशक्तीसाठी आखलेल्या सांगाड्यावर, ब्रेकवर आणि दांड्यावर नंतर घरी कोणी किती भार टाकला, हे त्यांत मोजलेले नाही.

व्याख्यानापूर्वी येथल्याच एका तरुणाने मला विचारले की राजदूतला टर्बो लावावा काय. मी त्याला दोन दाबमापके घ्यावयास सांगितले आहे. एक पुढच्या हवेच्या वाटेवर लावावे; ते सगळेच लावतात, कारण त्याचा काटा चढताना पाहून बरे वाटते. दुसरे फुगीर नळीच्या पोटावर, टर्बोच्या अलीकडे. पहिल्याचा काटा काय मिळाले ते दाखवतो, दुसऱ्याचा त्यापोटी काय दिले ते. दोन्ही काटे एकमेकांच्या जवळपास राहून चढत असतील तर पुढचे बोलणे करू. दुसरा पहिल्याला टाकून पुढे पळू लागला, किंवा मागेच पडून राहिला, तर त्याने टर्बो उतरवावा, जुनी नळी परत बसवावी, आणि गाडी घेऊन रविवारी पन्हाळ्याला जाऊन यावे.